पिल्लू बाग उकरतंय? आधी ते कुठे आणि कधी उकरतंय ते लिहून काढा

चिंगी आमच्याकडे आली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती, गल्लीतल्याच कुत्रीचं पिल्लू, मार्च संपत आलेला आणि सांगलीचं ऊन तापायला लागलेलं. पहिल्या पंधरवड्यात तिने अंगणात ११ खड्डे केले. मोगरा गेला, शेवंतीची रोपं गेली, गवती चहाचं अख्खं बेट तिने ओढत पायरीपर्यंत आणलं. त्या दिवसांत मी तिच्यावर भरपूर ओरडले आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, उलट मी दिसले की ती तोंडात मुळी धरून पळायची, म्हणजे तिच्यासाठी तो पकडापकडीचा खेळच झाला होता.

मग एक दिवस जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर अंगणाचा नकाशा काढला, कुठे नळ, कुठे लिंबू, कुठे कुंपण, आणि रोज कुठे खड्डा झाला, साधारण किती वाजता झाला, खोल आहे की नुसता पसरट, हे लिहायला लागले. आठ दिवसांत सगळं कागदावर स्पष्ट दिसायला लागलं. तुम्हाला माझी कळकळीची विनंती आहे की बाकी काहीही करायच्या आधी हे करा, कारण पिल्लू सगळे खड्डे एकाच कारणासाठी करत नाही आणि कारण वेगळं असेल तर उपायही वेगळा लागतो.

आमच्याकडे दुपारी बारा ते चार मधले खड्डे सगळे एकाच प्रकारचे होते. कर्दळीच्या सावलीत नाहीतर नळाच्या ओलीजवळ, जास्त खोल नाही, लांबट, बरोब्बर तिच्या पोटाच्या मापाचे. हे गारव्यासाठी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडासा फक्त पंजांना येतो, बाकी सगळं जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावरच चालतं, आणि वरची माती तापलेली असली तरी चार बोटं खाली ती गार असते हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर भटकी कुत्री खळगा करून निवांत पडलेली असतात ना, तेच हे. याला शिस्त लावायची नसते हो, त्या जिवाला उकडतंय. दुपारी पिल्लू घरात फरशीवर घ्या, ते जमत नसेल तर दाट सावलीत ओलं गोणपाट अंथरा, शेजारी पसरट घमेल्यात दोन-तीन इंच पाणी ठेवा म्हणजे ते त्यात पाय बुडवून बसेल. आम्ही एवढंच केलं आणि दुपारचे खड्डे चार दिवसांत थांबले, एक शब्दही न ओरडता.

दुसरा प्रकार वासाचा आणि इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण यात जिवाला धोका असतो.

आमच्या सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या, मासे धुतलेलं पाणी लिंबाच्या आळ्यात ओतायचं ही त्यांची लहानपणापासूनची सवय, आणि झाडाला ते मानवतंही. पण नकाशात बघितलं तर बुधवार-रविवारनंतर लिंबाचं आळं हमखास उकरलेलं! कढीपत्त्याला ताक, गुलाबाला अंड्याची टरफलं, मटण धुतलेलं पाणी, हे सगळं आपण झाडाला घालतो पण पिल्लाच्या नाकाला ते जेवणाचं ताट वाटतं. बोनमील म्हणजे हाडांचा चुरा तर सगळ्यात वाईट, त्या वासाने कुत्रं फूटभर खाली जातं, आणि ते भरपूर खाल्लं गेलं तर पोटात घट्ट गोळा होऊन अडकतं. पिल्लू वर्षा-दीड वर्षाचं होईपर्यंत बागेला चांगलं कुजलेलं शेणखत, गांडूळखत घाला, झाडांचं काही अडत नाही. आणि मासे धुतलेलं पाणी घालायचंच असेल तर जिथे पिल्लू पोचत नाही अशा झाडाला घाला, आम्ही आता कंपाउंडबाहेरच्या नारळाला घालतो.

यातली एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. एरंडीची पेंड. नर्सरीत सेंद्रिय खत म्हणून सहज मिळते, बऱ्याच मिक्स खतांत पण असते, आणि एरंडीच्या बीत रायसिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं जे तेल काढल्यावर पेंडीत राहतं. कुत्र्यांना तिची चव आवडते, तीच मोठी पंचाईत आहे. खाल्ल्यावर लगेच काही दिसत नाही, काही तासांनी उलट्या, रक्ताची हगवण सुरू होते आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून पोत्यावरचं नाव वाचा, नुसतं 'पेंड' लिहिलं असेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा कशाची. आणि पिल्लाने खाल्ल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता त्या खताची पिशवी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.

तसंच थिमेट, म्हणजे फोरेट हे जहाल कीटकनाशक. त्यावर आपल्याकडे २०२० च्या अखेरीस बंदी आली, पण गावाकडे, शेतघरात, अडगळीच्या खोलीत अर्धी उरलेली पुडी अजून सापडते आणि कोणीतरी 'किडीला चांगलं असतं' म्हणून कुंडीत चमचाभर टाकतं. पिल्लू असलेल्या घरात हे अजिबात नको. उंदीर मारायच्या गोळ्या-वड्या पण मातीत पुरू नका, काही औषधांचा परिणाम तर तीन-चार दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन दिसतो, तोपर्यंत आपल्याला पत्ताच नसतो.

कंदांचंही तेच. उकरणारं पिल्लू फक्त उकरत नाही, जे हाताला, म्हणजे पंजाला, लागेल ते चावतं. कळलावीचा कंद विषारी आहे, पावसाळ्यात ती फुलं फार सुंदर दिसतात म्हणून लोक हौसेने लावतात. अडेनियमचं जाड खोड आणि मुळं, सायकसच्या बिया आणि बाकीचं सगळं झाड, कण्हेर, यांच्यापासून पिल्लाला लांबच ठेवा. सुरण, अळू चावलं तर तोंड आणि घसा भयंकर खाजतो, लाळ गळते. मी कळलावी उचलून गच्चीवर नेली.

तिसरं कारण जमिनीखालचे पाहुणे. पिल्लू एकाच जागी कान टवकारून बसतंय, मान तिरपी करून ऐकतंय, मग नाक खुपसून जोरात उकरतंय, असं दिसलं तर त्याला खाली काहीतरी हलताना कळलंय असं समजा. वळवाचा नाहीतर मृगाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर जमतात आणि जमिनीत अंडी घालतात, मग जुलै-ऑगस्टमध्ये त्या पांढऱ्या इंग्रजी सी सारख्या वाकलेल्या अळ्या मुळं खात बसलेल्या असतात. ऊसवाल्यांना हे सांगायला नको. चिंगीने ऑगस्टमध्ये हिरवळीचा एक तुकडा उकरला तेव्हा मी बघितलं तर मुठीभर हुमणी निघाली, गवत पिवळं का पडत होतं ते मला तिच्यामुळे कळलं. अशा वेळी जागा आपणच खुरप्याने उकरून अळ्या वेचायच्या, पिल्लाला तेवढा वेळ आत ठेवायचं. घुशीचं बीळ असेल तर ते जाड खडी आणि सिमेंटने बुजवा, धान्याचं, खरकट्याचं काही बाहेर राहू देऊ नका, पिंजरा लावा, पण वर म्हटलं तसं विष नको.

आता राहिला कंटाळा, आणि हा सगळ्यात जास्त घरांत असतो. लसीकरण पूर्ण व्हायला साधारण चार महिन्यांचं वय होतं, तोपर्यंत डॉक्टर रस्त्यावर फिरवू नका म्हणतात आणि ते बरोबरच आहे कारण पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, पण मग त्या पिल्लाचं सगळं जग म्हणजे तुमचं अंगण. त्यात घरातले सगळे कामावर आणि शाळेत. ते काय करणार? माती आहे, पाय आहेत. चिंगीचे संध्याकाळी पाच ते सातमधले खड्डे हे असे होते, कुठेही, कसेही, आणि सोबत चप्पल, पायपुसणं, पाइप काहीही कुरतडलेलं. त्या वयात दात पण येत असतात, साधारण चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के येतात, तेवढ्या काळात त्याला चावायला काहीतरी हक्काचं द्यावंच लागतं. जुन्या सुती साडीची घट्ट वेणी घालून गाठी मारा, ओली करून फ्रीजरमध्ये ठेवा, हिरड्यांना बरं वाटतं, फक्त धागे सुटायला लागले की फेकून द्या कारण गिळले तर आतड्यात अडकतात. रोजच्या जेवणातलं थोडं खाणं भांड्यात न देता जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या, फरशीवर विखरून शोधायला लावा. दहा मिनिटं नाकाने शोधाशोध केलेलं पिल्लू जेवढं दमतं तेवढं अर्धा तास पळूनही दमत नाही, हा माझा रोजचा अनुभव.

एवढं सगळं करूनही पिल्लू उकरणारच. काही जातींचं तर कामच ते होतं, डॅशहंड या जर्मन नावाचा अर्थच बॅजरचं, म्हणजे बिळात राहणाऱ्या एका जनावराचं, कुत्रं असा होतो, बिळात शिरून जनावर बाहेर काढायला त्याला तयार केलं गेलं, टेरियर या नावातही लॅटिनमधली 'माती'च आहे. त्यांना उकरू नको म्हणणं म्हणजे मुलाला पळू नको म्हणण्यासारखं. म्हणून त्याला स्वतःची जागा द्या. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि लोक नेमका हाच टाळतात कारण कष्ट लागतात, पण एक रविवार जातो फक्त.

आम्ही असं केलं. आंब्याच्या सावलीत चार फूट लांब, तीन फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा घेतला. आमच्याकडची माती काळी, ओली झाली की पायाला लाडवासारखी चिकटते आणि वाळली की भेगा पडून दगड होते, त्यामुळे ती काढून टाकली. तळाला विटांचे तुकडे घातले पाणी निचरायला, वर अर्धी वाळू अर्धी मऊ माती. बांधकामातली उरलेली वाळू असेल तर चाळणीतून नक्की काढा, त्यात खिळे, तारा, काचा असतात, आणि सिमेंट मिसळलेली अजिबात घेऊ नका. कडेने विटा उभ्या रोवल्या म्हणजे 'इथपर्यंत तुझं' ही हद्द तिला दिसते. कोकणात असाल तर चिऱ्याचे तुकडे लावा. रात्री आणि जोराच्या पावसात वर ताडपत्री टाका, नाहीतर मांजरं तिथे संडासला येतात. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि बाल्कनीतल्या कुंड्या उकरल्या जात असतील तर लहान मुलांना आंघोळ घालतो तसला मोठा टब अर्धा वाळूने भरला तरी पिल्लासाठी पुरतो.

नुसता खड्डा करून दिला म्हणजे ते तिथे जाईल असं नाही. पहिल्या दिवशी पिल्लासमोरच तिथे बसा, हाताने वाळू उकरा, उकडलेल्या चिकनचा नाहीतर रताळ्याचा तुकडा अर्धा वर दिसेल असा पुरा आणि 'खण' म्हणा. ते काढून खाईल. शाबासकी द्या, मनापासून, आवाज चढवून. दुसऱ्या दिवशी दोन बोटं खाली, मग चार बोटं, मग त्याचं आवडतं खेळणं अजून खाली. पाच-सहा दिवसांनी त्याच्या नकळत पुरून ठेवा, मग ते स्वतःहून सकाळी पहिलं तिथे जाऊन बघतं आज काय आहे ते. रोज काहीतरी मिळालंच पाहिजे असं नाही पण सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तरी खड्डा रिकामा ठेवू नका. शिजवलेलं हाड मात्र पुरू नका, त्याचे टोकदार तुकडे होतात.

आणि बागेत दुसरीकडे उकरताना दिसलं तर? धावत जाऊ नका. पायाने जमीन आपटू नका. एकदा टाळी वाजवून नावाने हाक मारा, ते वळून बघेल त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणा आणि हसत त्याच्या खड्ड्याकडे चालायला लागा, तिथे पोचल्यावर 'खण'. हे तुम्हाला दिवसात वीस वेळा करावं लागेल, कंटाळा येईल, तरी करा. शाबासकी दोन सेकंदांच्या आत मिळाली तर ती कशाची हे पिल्लाला कळतं. रागावण्याचंही तसंच, आपण ऑफिसातून संध्याकाळी येऊन सकाळचा खड्डा दाखवून ओरडलो तर त्याला एवढंच कळतं की माणूस घरी आला की भीतीदायक होतो. ते कान पाडून कोपऱ्यात बसतं ना, त्याला आपण 'बघा, चूक कळलीय' म्हणतो, ते तसं नाही, ते घाबरलेलं असतं.

सोबत 'सोड' शिकवा. मुठीत खाऊ घट्ट धरा, पिल्लू हुंगेल, चाटेल, पंजा मारेल, काही बोलू नका. ज्या क्षणी ते नाक मागे घेईल तेव्हा 'सोड' म्हणा आणि दुसऱ्या हातातला खाऊ द्या. रोज पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. महिनाभरात हा शब्द बागेतही चालायला लागतो, पण पहिले काही आठवडे बागेत नेताना चार-पाच मीटरची लांब दोरी पट्ट्याला लावून ठेवा म्हणजे तुम्हाला मागे पळावं लागत नाही.

पिल्लू शिकेपर्यंत झाडं पण जगायला हवीत. वाफ्यावर चिकन मेश टाका, प्लॅस्टर करताना जोडावर लावतात ती षटकोनी जाळी, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. ती मातीच्या दोन इंच खाली पसरवा, कापलेल्या तारांची टोकं खालच्या बाजूला दुमडा नाहीतर पंजाला लागतील, आणि वर माती घाला, रोपं जाळीतून वर येतात. पंजाला जाळी लागली की उकरण्यात मजा उरत नाही. कुंड्यांत आणि आळ्यांत नदीतले मोठे गोटे नाहीतर नारळाची सोडणं दाबून बसवा, ओलही टिकते. कामट्यांचं फूट-दीड फुटाचं कुंपणही लहान पिल्लाला पुरतं. आणि अजून एक, तुम्ही रोप लावता, खुरपता, तेव्हा पिल्लाला समोर ठेवू नका. ताजी उकरलेली भुसभुशीत माती, तुमच्या हाताचा वास, आणि तुम्ही स्वतः तिथे उकरताय हे त्याने बघितलेलं, मग पाठ फिरली की ते पण उकरणारच. मी आता रोपं लावते ती चिंगी झोपलेली असताना.

कुंपणाच्या बुडाशी उकरत असेल तर ते बाहेर जायला बघतंय, बाहेर कोण आहे ते शोधा, कुत्री, मुलं, कचराकुंडी. तिथे आतल्या बाजूने शहाबादी फरशीचे तुकडे ओळीने मांडा नाहीतर जाळी काटकोनात वाकवून फूट-दीड फूट आतल्या जमिनीवर पसरवून माती टाका. एक रात्रही हे तसंच सोडू नका, गाडीखाली आलेली पिल्लं मी बघितली आहेत.

लोक जे उपाय सांगतात त्यातले काही कृपा करून करू नका. खड्ड्यात मिरचीपूड टाकली तर ती नाकाडोळ्यांत जाते आणि पिल्लू तासन्‌तास तडफडतं. डांबर गोळ्या आणि फिनाइल विषारी आहेत. खड्डा पाण्याने भरून त्यात पिल्लाचं तोंड बुडवायचा सल्ला मला एकाने दिला होता, तो ऐकून मला रात्री झोप लागली नव्हती. दिवसभर साखळीला बांधून ठेवणं हाही उपाय नाही, त्याने उलट जिथे बांधलंय तिथेच ते वेड्यासारखं उकरतं, आणि कुत्र्याला कायम बांधून, कोंडून ठेवून फिरवायलाही न नेणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

पंजांकडे रोज बघा. नखं तुटतात, बोटांच्या मध्ये माती अडकून वाळते, पावसाळ्यात तिथे खाज सुटते, म्हणून कोमट पाण्याने धुवा आणि कोरडं पुसा, पुसणं महत्त्वाचं. पिल्लू नुसतं उकरत नाही तर माती खातंय असं दिसलं तर जंत किंवा रक्त कमी असू शकतं, डॉक्टरला दाखवा, जंताचं औषध वेळच्या वेळी द्या. आणि पाऊस सुरू झाला की जुने खड्डे पहिल्यांदा बुजवा, त्यात पाणी साचतं, उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टो पसरतो तो अशाच साचलेल्या पाण्यातून, माणसालाही होतो. त्याची लस पिल्लाला दिली आहे का ते कार्डवर तपासा.

चिंगीला सुधारायला सहा आठवडे लागले. आठव्या महिन्यात परत दहा-बारा दिवस सगळं विसरल्यासारखं झालं, त्या वयात होतं, तेव्हा परत पहिल्यापासून चिकनचे तुकडे पुरले आणि लांब दोरी काढली. आता ती दोन वर्षांची आहे, नवा मोगरा गेल्या उन्हाळ्यात भरभरून फुलला, आणि तिच्या खड्ड्यातली वाळू दर दोन-तीन महिन्यांनी मी उपसून उन्हात टाकते तेव्हा तळातून माझे हरवलेले दोन चमचे, एक सॉक्स आणि सासूबाईंच्या चष्म्याचं घर असं काय काय निघतं.